घाटाखालचे सोयगाव

सोयगावास जावयाचे तर सिल्लोडकडून हळद्याचा घाट उतरून जावे. वाट आडवळणाची खरी, पण प्रवाशाच्या पदरी काही पडते. घाटात वेताळवाडीचा किल्ला उभा आहे आणि खाली उतरताच कपाशीची शेते लागतात. गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आज जिल्ह्याने छत्रपती संभाजीनगरचे. तथापि अजिंठ्याच्या डोंगराखाली वसल्यामुळे त्याचे तोंड खानदेशाकडेच आहे.

अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात येतात, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. तेथील सतराव्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगविलेली आहे. इंद्र आंधळ्या ब्राह्मणाच्या रूपाने याचक होऊन येतो आणि राजा त्यास आपले दोन्ही डोळे काढून देतो. लेण्यात उजेड बेताचाच. आपले डोळे त्या अंधारास सरावल्याखेरीज ही नेत्रदानाची कथा दिसत नाही, हीही एक मौजच!

सोयगावी ज्या घरी आम्ही उतरलो, तेथील आजींस ही कथा सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "मग मोतीबिंदूलाही दुसऱ्याचाच डोळा बसवतात का हो?" त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तांदळातले खडे दिसेनासे झाले होते, सुईत दोरा नातीकडून ओवून घ्यावा लागे. परंतु "अजून पिकू दे" म्हणून त्या दोन वर्षे थांबल्या होत्या.

नेत्रदानात मिळते ते डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटल. मोतीबिंदू त्यामागच्या भिंगाचा विकार. ते गढूळ होते. सुश्रुताच्या ग्रंथात सुईने ते बाजूस सारण्याची क्रिया वर्णिलेली आहे. ते कापून बाहेर काढण्याची रीत दाविएल या फ्रेंच वैद्याने १७४७ मध्ये घातली. पण भिंग गेले की डोळा रिकामा! मग जाडजूड काचांचा चष्मा आला, ज्यातून वस्तू सुमारे पावपट मोठ्या दिसत आणि चालताना पायरी चुके. आपल्या घरांतील कितीएक वडीलधारी माणसे तशीच चाचपडत वावरली.

दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या झडपेच्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, तरी डोळे सुजून येत नाहीत, असे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांस आढळले. त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका रुग्णाच्या डोळ्यात बसविले. समव्यवसायींनी बराच काळ नाके मुरडली. आता डोळ्याची लांबी व बाहुलीपुढील पटलाची वक्रता मोजून प्रत्येकाच्या मापाचे भिंग ठरते. त्याचा व्यास सुमारे ६ मिलिमीटर. घडी घालता येणारे भिंग तर तीनएक मिलिमीटरच्या छेदातून आत जाते.

'पिकू देण्या'ची समजूत निराधार नव्हती. जुन्या रीतीत पिकलेले भिंग काढणे सोपे जाई. आता मात्र थांबण्यात तोटाच आहे. अति पिकलेले भिंग कठीण होते, कधी फुगून वा पाझरून डोळ्यातील दाब वाढविते, आणि त्या दाबाने गेलेली दृष्टी कोणतेही भिंग परत देत नाही.

हे सारे आजींनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचा प्रश्न एकच उरला: पोथी वाचायला चष्मा लागेल का? साधे भिंग बहुधा दूरच्या नजरेसाठी बसवितात, तेव्हा जवळचे वाचण्यास लागेल, असे सांगितले. "मग साधाच ना? तो जाड नको," असे म्हणून त्यांनी मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात चौकशीस कधी जातोस ते विचारले.