वॉर्डातला हरिपाठ

पाळकपदावरून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली, तरी माझ्याविरुद्ध मंडळीच्या कमिटीकडे आलेला तो अर्ज आठवला की तोंडातला घास कडू होतो. अर्जात आरोप एकच होता : पाळकसाहेबांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात हरिपाठ म्हटला. आरोप खरा होता.

बाकीचे थोडक्यात. जन्म नगर जिल्ह्यातला, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, शिक्षण यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत (ती 1983 साली पुण्याला गेली). काही मंडळ्या सांभाळल्या, मग एका मिशन हॉस्पिटलात चॅपलेन झालो. चॅपलेन नेमके करतो काय, हे माझ्या सोयऱ्यांनाही कधी कळले नाही. ओपीडी उघडण्याआधी ‘उपासना संगीता’तले एक गीत आणि प्रार्थना, मग वॉर्ड, आणि दुपारनंतर आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर नातेवाइकांजवळ बसणे. रोगी बहुतेक हिंदू, मुसलमान. पाद्रीबाबा कॉटजवळ आले की काहींना वाटे आपले आता भरले, काहींना वाटे आता हे बाटवणार.

मेडिकल वॉर्डात पैठणकडचे एक माळकरी आजोबा होते. लिव्हर गेलेले, पोट पाण्याने फुगलेले. मुलगा अजून वाटेतच होता. दिवेलागणीला त्यांनी मला खुणेने बोलावले. “बाबा, हरिपाठ येतो का?” म्हटले, येतो. गावात आमची वस्ती वेशीबाहेर. मारुतीच्या देवळात आम्हाला जाऊ देत नसत, पण तिथला हरिपाठ रोज संध्याकाळी कानावर पडे. ऐकण्यावर बंदी कोण घालणार? हळू आवाजात म्हणत गेलो. जिथे अडखळलो तिथे आजोबांनीच पुढचा शब्द सांगितला. रात्री मुलगा पोचला, पहाटे आजोबा गेले.

अर्ज आमच्याच मंडळीतल्या कुणीतरी केला. हॉस्पिटलची काही तक्रार नव्हती, आजोबांच्या घरच्यांची तर नव्हतीच. उपासना संपल्यावर कमिटीने चर्चच्या वेस्ट्रीत मला उभे करून विचारले. हो, उभे करून. खुर्च्या रिकाम्या होत्या. कमिटीतले एक वडीलधारे म्हणाले, “त्याला प्रभूचे नाव सांगितले का?” मी म्हटले, त्यांनी ते मागितले नव्हते. “मग पाळक कशाला ठेवलाय?” मी रेव्हरंड टिळकांचे उदाहरण दिले. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामांमुळे पोचलो हे ते उघड सांगत. त्यांनी भजनाची, कीर्तनाची चाल चर्चमध्ये आणली, आणि आज त्यांच्या गीतांशिवाय आमची एक उपासना होत नाही. यावर उत्तर मिळाले, “टिळक कवी होते, साहेब. तुम्ही पगारी आहात.” कमिटी हसली. ज्यांच्या आईच्या उशाशी मी रात्र काढली होती, तेही हसले. लेखी ताकीद मिळाली, आणि काही महिने मला प्रभुभोजन देण्यापासून दूर ठेवले. ज्या गावाने माझ्या बापाला देवळाबाहेर उभे केले, त्या गावाचा मला आला नसेल इतका राग त्या दिवशी आला.

जाता जाता नातेवाइकांना एक सांगतो. “काही होत नाही, उद्या घरी जायचंय” असे आजाऱ्याला सांगू नका. त्याला सगळे ठाऊक असते. तुमच्यासाठी तो न कळल्याचे सोंग करतो आणि त्यातच दमतो. त्याला काय हवे ते विचारा.

हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पुढे माझी पत्नी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि डोळे मिटून तिच्या कॉटशी रामरक्षा म्हणू लागल्या. मायाळू बाई, महिनाभर आमचा डबा त्यांच्याकडूनच येत होता. तरी मला ते आवडले नाही. पत्नीने मागितले नव्हते, हा फरक आहेच. पण तिने मागितले असते तर मला आवडले असते का? नसते, असे आता वाटते. काकूंना मी थांबवले नाही, एवढेच.

तेव्हा त्या कमिटीला काय वाटले असेल, ते मला आज समजते. पण उभे करून विचारले, ते चूकच होते.