हातचा घास

टार्पनला ‘वन्य’ म्हणावे काय, हा प्रश्न आम्हांला फ्लॉरिडातील इस्लामोराडा येथे, रॉबीज मरीनाच्या धक्क्यावर पडला. पुरुषभर लांबीचे हे रुपेरी मासे खुल्या समुद्रातून येतात, पर्यटकांच्या हातची मासळी गिळतात आणि निघून जातात. दात अगदी बारीक, म्हणून हात शाबूत राहतो. मनगटावर कानस फिरल्यासारखी खरखर तेवढी उरते. (पेलिकन मात्र उघड दरोडेखोर!) देवळाच्या तळ्यात कणकेचे गोळे टाकताना निदान पुण्याची भाषा असते, येथे मेलेल्या मासळीची बादली विकत मिळते, आणि हवे असते ते घटकाभर भय. २०१३ पासून फ्लॉरिडात, विक्रमासाठीचा परवाना वगळता, पकडलेला टार्पन सोडावाच लागतो. म्हणजे आमच्या हातून खाणारा मासा उद्या थोड्याच अंतरावर कुणाच्या गळाशी झुंजतही असेल. त्याला हात आणि गळ यांतला भेद कसा कळत असेल, हे आम्ही परतीच्या वाटेवर एकमेकांना विचारत होतो.