भोपळा आणि सुकडी

आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत हंगामाचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते देवळात आणायचं (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) आणि उपासनेनंतर लिलाव. बोली बाजारभावाच्या वर जाते. थोडी भक्तीनं, थोडी ऐटीनं!

एका साली एका बागाईतदारानं भला थोरला भोपळा आणला. बोली चढेना, तेव्हा ईर्षेनं त्यानंच चढवली आणि भोपळा त्याच्याच गळ्यात पडला. घरी कापला तर आतून पार नासलेला. बायको म्हणाली, "देवाला हाच दिला होता ना?"

१९७२ च्या दुष्काळात मात्र टोपल्या रिकाम्याच होत्या. खडी फोडायला जाणारी एक विधवा पदरात सुकडी घेऊन आली, कामावरच्या मजुरांना मिळायची ती. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, पोरांना ठेवा."

"पोरांना त्यानंच दिली. त्याच्या वाट्याची मी कशी ठेवू?"

लिलाव पुकारायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी पाळकसाहेबांनी देवळातली सगळी लेकरं ओळीनं बसवली आणि चिमूट चिमूट वाटली. तिची दोघंही त्यात होती. तिनं रिकामा पदर झटकला नि खोचला.