पोलादनगरीतला पिझ्झा

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की सुमारे २६५ किलोमीटरवर दुर्ग येते. दुर्ग गेले न गेले तोच भिलाई सुरू होते. खिडकीतून पाहणाऱ्याला एक शहर संपून दुसरे कधी लागले हे कळतही नाही. या दोन्हींच्या मधोमध, जी. ई. रोडच्या काठाने वसलेली मध्यमवर्गीय वस्ती म्हणजे नेहरू नगर. पूर्व आणि पश्चिम असे तिचे दोन भाग. दिवसा ही वस्ती अगदी शांत असते. संध्याकाळचे सात वाजले, की मात्र तिचा नूर पालटतो. शिकवणीचे वर्ग सुटतात, स्कूटर रस्त्यावर येतात, फिरायला निघालेले आजी-आजोबा चौकात घोटाळतात आणि हवेत भाजलेल्या मैद्याचा, ओरेगॅनोचा वास दरवळू लागतो. छत्तीसगडच्या या पोलादनगरीत पिझ्झा आता चांगलाच रुळला आहे.

भिलाई म्हटले, की आधी आठवतो तो पोलाद कारखाना. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने तो उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीने भाताच्या शेतांत एक नवे शहर उभे केले. बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, ओडिया आणि अर्थातच मराठी कुटुंबे इथे नोकरीसाठी आली आणि इथलीच झाली. मराठी माणसाला हा मुलुख तसा परका नव्हताच. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य थेट रतनपूरपर्यंत पोहोचले होते.

निरनिराळ्या प्रांतांचे लोक शेजारी आले, की स्वयंपाकघरांच्या भिंती आपोआप पातळ होतात. इडली बंगाल्याच्या घरी शिजू लागली आणि पोहे मल्याळ्याच्या. वेटरांच्या सहकारी संस्थेचे इंडियन कॉफी हाऊस म्हणजे तर साऱ्यांचेच बाहेरचे घर. चीला आणि फरा या छत्तीसगडी पदार्थांनाही सर्वांच्या ताटात जागा मिळाली. अशा गावाने पिझ्झ्याला परका मानले नाही, यात नवल ते काय!

बेकरीच्या पावापासून भट्टीपर्यंत

पिझ्झ्याचे मूळ गाव इटलीतले नेपल्स. तिथल्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंश सेल्सियसच्या आसपासच्या आचेवर तो दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. नेपल्सच्या या कारागिरीला २०१७ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान दिला. भारतातल्या लहान शहरांची पिझ्झ्याशी पहिली ओळख मात्र फार साधी होती. बेकरीतून आणलेला तयार जाड पाव, त्यावर टोमॅटो सॉस, चिरलेला कांदा, सिमला मिरची आणि डब्यातले किसलेले चीज. तवा झाकून पाच मिनिटे ठेवला, की झाला पिझ्झा! आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांच्या जिभेवर वाढदिवसाच्या त्या पिझ्झ्याची चव अजूनही आहे.

१९९६ साली डॉमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळूरमध्ये सुरू झाले. ठरावीक मापाचा, ठरावीक चवीचा पिझ्झा घरपोच येऊ शकतो, हे लोकांनी पाहिले. मोठ्या शहरांतून ही लाट हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली. तिच्यामागोमाग गल्लीतले होतकरू तरुणही उतरले. कुणी घराच्या पुढच्या खोलीत भट्टी बसवली, तर कुणी चौकात हातगाडी लावली.

त्यामुळे नेहरू नगर आणि शेजारच्या स्मृती नगर, जुनवानी या भागांत संध्याकाळी बाहेर पडलेल्या कुटुंबापुढे आज तीन वाटा असतात. पहिली मोठ्या साखळीच्या दुकानाची. तिथे वातानुकूलित बैठक असते आणि चवीत फरक पडत नाही, पण भावही चढे असतात. दुसरी गल्लीतल्या छोट्या रेस्टॉरंटची. इथे मालक स्वतः भट्टीपाशी उभा असतो आणि ‘काकू, तिखट कमी करू ना?’ असे विचारतो. तिसरी गाडीवरच्या तवा पिझ्झ्याची. खिशात मोजके पैसे असलेल्या विद्यार्थ्यांचा ओढा हिच्याकडेच असतो.

सगळेच नंबर एक!

पूर्वी दुकानाची जाहिरात म्हणजे भिंतीवरची रंगवलेली अक्षरे, वर्तमानपत्राच्या घडीत सरकवलेले गुलाबी पत्रक आणि फार झाले तर रिक्षावरचा कर्णा. आता सारा खेळ मोबाइलच्या पडद्यावर चालतो. तिथे डोकावले, तर प्रत्येक दुकान शहरातले ‘नंबर एक’. प्रत्येकाचे चीज हातभर लांब ताणले जाणारे. प्रत्येकाच्या नावाखाली चार-साडेचार तारे आणि ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’ अशा शेऱ्यांची रांग. चित्रातला पिझ्झा परातीएवढा दिसतो. घरी आलेला पुठ्ठ्याचा खोका उघडला, की मुलांचे चेहरे उतरतात. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते!

म्हणून सगळ्या दुकानदारांना लबाड ठरवायचे का? तसे करणे अन्यायाचे होईल. आतल्या गल्लीतल्या दुकानाला हमरस्त्यावरच्या जागेचे भाडे परवडत नाही. साखळी दुकानांसारखी दूरदर्शनवर जाहिरात करणे तर त्याच्या स्वप्नातही नसते. घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे नाव नोंदवावे, तर बिलातला मोठा हिस्सा त्यांच्या दलालीत जातो आणि यादीत वर दिसण्यासाठी सवलत द्यावी लागते. अशा वेळी चार चांगले फोटो आणि ओळखीच्यांचे दोन शब्द हाच त्याचा आधार. नव्या दुकानाला पहिल्या महिन्यात तारे मिळाले नाहीत, तर गिऱ्हाईक येत नाही आणि गिऱ्हाईक आले नाही, तर तारे मिळत नाहीत. या चक्रात एखादा चांगल्या हाताचा माणूसही भट्टी विझवून घरी बसतो.

अडचण सुरू होते ती पुढच्या पायरीवर. मित्र-नातेवाईकांकडून, नाहीतर पैसे देऊन खोटे शेरे लिहून घेतले जातात. त्यात गिऱ्हाईक फसतेच. पण खरा तोटा होतो तो शेजारच्या प्रामाणिक दुकानदाराचा. त्याचे खरे चार तारे खोट्या पाच ताऱ्यांपुढे फिके पडतात. हा प्रश्न ओळखूनच भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या अशा शेऱ्यांसाठी ‘आय. एस. १९०००’ हे मानक आणले. ते पाळणे ऐच्छिक ठेवण्यात आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र फसव्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तारे नव्हे, इंच मोजा

पण पिझ्झ्यासाठी कुणी कायद्याची पायरी चढत नाही. त्यापेक्षा निवड करतानाच थोडा चौकसपणा दाखवलेला बरा. पहिली गोष्ट मापाची. ‘मीडियम’, ‘लार्ज’ हे शब्द प्रत्येक दुकानात वेगळे असतात. म्हणून व्यास किती इंच, हे विचारावे. शाळेत शिकलेले वर्तुळाचे क्षेत्रफळ इथे कामी येते. ७ इंची पिझ्झा सुमारे ३८ चौरस इंचांचा भरतो, १० इंची ७९ चौरस इंचांचा आणि १२ इंची ११३ चौरस इंचांचा. म्हणजे ७ इंची दोन पिझ्झे मिळूनही १० इंची एकाची बरोबरी करत नाहीत. ‘एकावर एक मोफत’ची पाटी वाचून हरखण्याआधी एवढा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. त्यांचे गणितही पक्के होईल आणि पैसेही वाचतील.

दुसरी गोष्ट चीजची. चीज दुधाचे असते. वनस्पती तेलापासून केलेला, चीजसारखा दिसणारा पदार्थ बराच स्वस्त पडतो, पण तो चीज म्हणून विकणे नियमात बसत नाही. कोणते चीज वापरता, असे मोकळेपणाने विचारावे. प्रामाणिक दुकानदार पाकीटच काढून दाखवतो. तिसरी गोष्ट बिलाची. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापणे जानेवारी २०२२ पासून बंधनकारक झाले आहे. तो आहे की नाही, हे पाहायला क्षणभरच लागतो.

शेरे वाचायचेच असतील, तर पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे दोन्ही बाजूला ठेवावेत. पहिल्यात बहुधा कौतुकच कौतुक, तर दुसऱ्यात राग. तीन ताऱ्यांचा माणूस साधारण खरे बोलतो. ‘चव छान, पण पाऊण तास लागला’, ‘पातळ पोळी उत्तम, पनीर मात्र कोरडे’ असे काही त्यात सापडते. नुसते ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्यापेक्षा काय खाल्ले ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा.

आणि पिझ्झा आवडला, तर दोन ओळी आपणही लिहाव्यात. गल्लीतल्या छोट्या दुकानाला त्या दोन ओळींचे मोल मोठ्या साखळीपेक्षा कितीतरी अधिक असते. काही बिनसले असेल, तर आधी मालकाला सांगावे. भट्टीपाशी उभा असलेला माणूस पुढच्या वेळी चूक सुधारू शकतो.

भिलाईचा कारखाना भारतीय रेल्वेसाठी रूळ तयार करतो. प्रत्येक रूळ ध्वनिलहरींनी आतून तपासला जातो आणि मगच कारखान्याबाहेर पडतो. वरून कितीही चकचकीत असला, तरी आत भेग असलेला रूळ चालत नाही. ज्या गावच्या कितीतरी घरांनी आयुष्यभर हीच पारख केली, त्या गावाला पडद्यावरच्या चकाकीने किती दिवस भुलवता येणार?

रात्रीचे दहा वाजतात. दुकानांचे दिवे एकेक करून मालवू लागतात. परीक्षा संपल्याच्या आनंदात कुठे चार मुले एका पिझ्झ्याचे आठ तुकडे वाटून घेत असतात, तर कुठे निवृत्त आजोबा नातवाच्या आग्रहाखातर पहिला घास घेऊन ‘बरा आहे रे!’ म्हणत असतात. त्या ‘बरा आहे’ला तारा नसतो. पण पुढच्या रविवारी तेच आजोबा सगळ्या घराला घेऊन त्याच दारात येतात, तेव्हा दुकानदाराला आपली खरी जाहिरात कोणती, हे न सांगता समजते.