चवीपुरतें मीठ

पाककृतींच्या पुस्तकांत कणीक किती, तूप किती, आंच किती वेळ, हें सारें काटेकोर सांगितलेलें असतें. आणि एके ठिकाणीं लेखिका हात आंखडता घेऊन लिहिते, ‘मीठ चवीपुरतें’. या दोन शब्दांत केवढें शहाणपण आहे, तें मला माझ्या धंद्यांत अलीकडे विशेष पटूं लागलें आहे.

धंदा सॉफ्टवेअर लिहिण्याचा. २०२१ सालीं गिटहब कोपायलट आलें, तेव्हां यंत्र आपल्या ओळीपुढची ओळ सुचवी, एवढेंच. पुढें एआय एजंट आले. एजंट नुसतें उत्तर देऊन थांबत नाहीं. तो फायली वाचतो, बदलतो, चाचण्या चालवितो आणि कांहीं बिघडलें तर पुन्हां हात घालतो. मात्र दर नव्या बैठकीस त्याची पाटी बहुधा कोरी असते. म्हणून कामाची रीत एकदांच साध्या भाषेंत लिहून ठेवावी आणि प्रत्येक नव्या कामास तीच त्याच्यापुढें ठेवावी, असा प्रघात पडला. ऑक्टोबर २०२५ मध्यें अँथ्रोपिक कंपनीनें अशा लिखित रीतींना ‘स्किल्स’ असें नांव दिलें.

आमची रीत अशी: मागणी काय आहे तें एजंटनें प्रथम आपल्या शब्दांत मांडावें, कोणत्या फायली बदलणार तें सांगावें, चाचण्या आधीं लिहाव्या, कोड मागून, आणि ज्यानें तो लिहिला नाहीं अशा दुसऱ्या एजंटनें तो तपासावा. हिचा लाभ केवळ वेगाचा नव्हे. जें जुन्या सहकाऱ्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें, तें कागदावर आलें, आणि काल रुजूं झालेल्या मुलीसहि वाचतां आलें.

मध्यंतरीं एका ग्रंथालयाच्या सभासदांची यादी आडनांवांच्या क्रमानें लावण्याची सोय करून द्यावयाची होती. एजंटनें सर्व पायऱ्या यथासांग पार पाडल्या, चाचण्याहि उतरल्या. यादींत क्षीरसागर हे कोल्हटकरांच्या मागून आणि खऱ्यांच्या आधीं बसले होते. युनिकोडमध्यें क्ष हें एक अक्षर नव्हेच. क, हलन्ताचें चिन्ह आणि ष अशा तीन खुणांनीं तें साठविलें जातें. आपण मात्र अंकलिपींत ह, ळ, क्ष, ज्ञ असें घोकलेलें. उलट आपट्यांचा संस्कृत कोश उघडावा, तर क्ष सांपडतो तो क मध्येंच. दोन्ही रीती शिष्टसंमत; निवड ग्रंथपालांची. त्या नव्या मुलीच्या नजरेस हें आलें. तिनें त्यांस विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “आमचे क्षीरसागर आपलें नांव शेवटच्या पानावर शोधतात.”

त्या दिवशीं आमच्या रीतींत एक पायरी वाढली: ‘जेथें दोन उत्तरें योग्य ठरूं शकतील, तेथें थांबावें आणि ज्याचें काम आहे त्यास विचारावें.’ हेंच आमचें चवीपुरतें मीठ.

तथापि एक काळजी उरतेच. थांबावयाचें कोठें, हें कळण्यास जीभ तयार असावी लागते, आणि जीभ तयार होते ती स्वतः रांधून व चाखून. नव्या मुलांनीं पहिल्या दिवसापासून तयार रीतच चालविली, तर दहा वर्षांनीं ही रीत सुधारणार कोण? म्हणून दर महिन्यास कांहीं कामें त्यांनीं एजंटावांचून, आपल्या हातानें करावीं, असा आग्रह मीं धरला आहे. वरिष्ठांस हा कालापव्यय वाटतो, आणि हिशेबाच्या वहींत तो तसा दिसतोहि. पण क्षीरसागरांना त्यांच्या पानावर पोंचविलें तें त्या मुलीनें, आणि तिचें तें ज्ञान आमच्या कोणत्याहि फायलींत लिहिलेलें नव्हतें.