खोली ८० मीटर, रंग पांढुरका

समुद्राच्या तळाला रंग असतात, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं! शाळेपासून नकाशातला समुद्र निळा पाहिला आणि त्या निळ्याच्या खाली काय असेल, हा प्रश्न कधी पडलाच नाही. आता पडलाय, आणि दुसरं काही सुचत नाही. तळ हिरवट राखाडी असतो, काळा असतो, तपकिरी असतो. कोकण किनाऱ्यापासून पुरेसं आत गेलं की तो पांढुरका होतो, शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेला. हे सगळं मी हातात घेऊन पाहिलंय, बोटांनी चोळून पाहिलंय, आणि खरं सांगते, दाताखाली धरूनही पाहिलंय!

मी अकोल्याची. भूशास्त्रात एमएस्सी केलं, बेसाल्टच्या टेकड्या पायाखाली घातल्या, पण समुद्राशी संबंध सहलीपुरता. मग गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत तळगाळाच्या जुन्या नमुन्यांची सूची करायचं काम मिळालं. लांबच लांब फडताळं, त्यांवर प्लॅस्टिकच्या आणि कापडी पिशव्या, डबे, बरण्या, आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी. पिशवी उघडायची, माती पाहायची, वर्णन लिहायचं, चिठ्ठीवरची माहिती संगणकात भरायची, पुढची पिशवी घ्यायची. ऐकायला कारकुनी वाटतं ना? मलाही पहिल्या सकाळी वाटलं होतं. दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा मला उठवेना.

आधी त्या चिठ्ठीबद्दल सांगू द्या, कारण सगळी जादू तिच्यात आहे. स्थानक क्रमांक, अक्षांश, रेखांश, पाण्याची खोली, तारीख, जहाज, आणि नमुना कशाने काढला. बस, एवढंच. पण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. दशांश चिन्हानंतरचा आकडा ओलाव्याने पुसला गेला, तर नमुना नकाशावर किलोमीटर-दीड किलोमीटर सरकू शकतो. एवढ्या अंतरात चिखल संपून खडक लागलेला असू शकतो! शिवाय स्थान कसं ठरवलं होतं तेही पाहावं लागतं. जीपीएस येण्यापूर्वीचे आकडे वेगळ्या पद्धतींनी काढलेले, जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या मापावर आधारलेले, आजचे डब्ल्यूजीएस-८४ या मापावर. एकाच जागेचे आकडे दोन्हींत वेगळे येतात. म्हणून सूचीत "स्थान कशाने घेतलं" हा रकाना असतो, आणि तो रिकामा दिसला की मी त्या मोहिमेच्या जुन्या वह्यांमध्ये शिरते. त्या वह्या वाचताना तास कसे जातात कळत नाही.

आणि नमुना कशाने काढला, हे इतकं महत्त्वाचं का, ते तर फारच सुंदर आहे. किनाऱ्याजवळच्या कामात बहुतेकदा व्हॅन व्हीन ग्रॅब वापरतात. योहान व्हॅन व्हीन या डच अभियंत्याने १९३० च्या दशकात तयार केलेला दोन जबड्यांचा पोलादी पंजा. जबडे उघडे ठेवून तो दोरावर खाली सोडायचा. तळाला टेकला की दोर सैल पडतो, खटका सुटतो, आणि वर ओढायला लागलं की जबडे मिटत जातात आणि तळाचा वरचा थर त्यांच्यात सापडतो. पण जबड्यांमध्ये एखादा शिंपला अडकला तर फट राहते. मग वर येईपर्यंत बारीक गाळ धुऊन जातो आणि वाळूच तेवढी उरते. तो नमुना तसाच नकाशावर चढवला तर चिखलाच्या जागी वाळू दाखवली जाईल! एका जुन्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: "जबडा अर्धवट मिटला." हलणाऱ्या डेकवर, ओल्या हातांनी, कुणीतरी थांबून हे तीन शब्द लिहिले. मी त्या माणसाला ओळखत नाही, पण त्याचे उपकार मानते.

ही परंपरा किती जुनी आहे! पूर्वी खलाशी खोली मोजायला शिशाचं वजन दोरीला बांधून सोडत. त्या वजनाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरत, आणि तळाची वाळू किंवा माती तिला चिकटून वर येई. त्यावरून नकाशात खोलीच्या आकड्याशेजारी तळाचा प्रकार लिहिला जाई. आजही देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे पाहा, आकड्यांच्या मधे बारीक अक्षरं दिसतील: वाळूला 'एस', चिखलाला 'एम', खडकाला 'आर'. ते एक अक्षर पाहून कप्तान नांगर कुठे टाकायचा ते ठरवतो, कारण चिखलात नांगर रुततो आणि सपाट खडकावर घसरतो. मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी असो, समुद्राखालची इंटरनेटची केबल असो की बंदराच्या वाटेतला गाळ उपसणं असो, सगळ्यांना तळ ठाऊक असावा लागतो. आणि कोळ्यांना तर तो नकाशाशिवायच ठाऊक असतो. खोली वावांत मोजायची, डोल जाळ्याचे खुंट चिखलाच्या तळातच ठोकायचे, खडपावर जाळं फाटतं म्हणून तिथून लांब राहायचं. हे ज्ञान सूचीत कुठेच नोंदलेलं नसतं. ते नोंदलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता मातीकडे. ओल्या नमुन्याचा रंग नुसत्या अंदाजाने ठरवत नाहीत. मन्सेलचं रंगपुस्तक असतं, त्यातल्या चौकोनांशी ताडून "५ वाय ४/१" असा संकेत लिहायचा. मग वास. किनाऱ्याजवळच्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणजे तिथे प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झालाय. मग पोत. २ मिलिमीटरपासून ०.०६३ मिलिमीटरपर्यंत वाळू, त्याखाली ४ मायक्रॉनपर्यंत सिल्ट, त्याहून बारीक ती चिकणमाती. ही वर्गवारी वेंटवर्थने १९२२ मध्ये मांडली, आजही जगभर चालते. पण सिल्ट आणि चिकणमाती डोळ्यांना सारखीच दिसतात! मग भूशास्त्रज्ञ काय करतात? चिमूटभर दातांमध्ये धरतात. करकरली तर सिल्ट, गुळगुळीत लागली तर चिकणमाती. प्रयोगशाळेतल्या वयस्क मदतनीसांनी मला हे दाखवलं. "बाय, यंत्र मागाहून सांगतलं, दात आधी सांगतात," ते म्हणाले. ताज्या, स्वच्छ नमुन्यावरच हे करायचं, हेही त्यांनी लगेच बजावलं.

नेमका आकडा मात्र पाण्यातूनच मिळतो, आणि तो प्रयोग पाहून मी थक्क झाले. आधी माती धुऊन मीठ काढायचं, हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय अंश काढायचा, कॅल्गॉन घालून कण सुटे करायचे, वाळू चाळणीने वेगळी करायची. उरलेलं गढूळ पाणी लिटरच्या उंच काचपात्रात ढवळून ठेवायचं आणि ठरल्या वेळी, ठरल्या खोलीवरून पिपेटने थोडं पाणी उचलायचं. ६३ मायक्रॉनचा कण १० सेंटीमीटर खाली यायला अर्धं मिनिट घेतो. ४ मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला सुमारे २ तास! आणि १ मायक्रॉनचा कण तिसाहून अधिक तास. मी लगेच हिशेब मांडला: हाच कण ५० मीटर खोल, अगदी स्थिर समुद्रात एकटा सोडला तर तळाला पोहोचायला दीड वर्षाहून जास्त काळ लागेल. मग नद्यांचा गाळ किनाऱ्याजवळच कसा बसतो? मिठामुळे! गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटणारे कण खाऱ्या पाण्यात येताच चिकटतात, गुठळ्या होतात आणि भराभर खाली बसतात. म्हणूनच तर प्रयोगशाळेत आधी मीठ धुवावं लागतं! एका बाटलीतल्या कृतीचं कारण अख्ख्या किनाऱ्यावर पसरलेलं आहे.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

पुस्तकात शिकलो होतो की किनाऱ्यालगत जाड कण आणि जसजसं आत जावं तसतसे बारीक. मी नोंदी खोलीप्रमाणे लावल्या आणि चित्र उलटं निघालं! १०, २०, ३० मीटरवर चिखल, हिरवट राखाडी, मऊ. ५० मीटरच्या पुढे हळूहळू वाळू. आणि ८० मीटरच्या आसपास जवळजवळ निव्वळ पांढुरकी वाळू. मला वाटलं, माझी यादीच चुकली असेल. मग अभ्यासकांनी सांगितलं की नाही, भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरची समुद्रबूड जमीन अशीच आहे. नद्यांचा आजचा गाळ आतल्या पट्ट्यातच अडकतो. बाहेरच्या पट्ट्यापर्यंत तो फारसा पोहोचतच नाही, म्हणून तिथली जुनी वाळू उघडीच राहिली आहे.

जुनी म्हणजे किती जुनी? मी ती पांढुरकी वाळू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. झिजलेले शिंपले होते, कॅल्शियमयुक्त शैवालांचे तुकडे होते, आणि त्यांच्यामध्ये खसखशीसारखे गोल, गुळगुळीत, चकचकीत दाणे. ते ऊलाइटचे कण. एखाद्या बारीक तुकड्याभोवती चुन्याचे थरावर थर बसून असा दाणा तयार होतो, आणि त्यासाठी उबदार, सतत खळबळणारं, काही मीटरच खोल पाणी लागतं. ८० मीटर खोल, शांत, अंधाऱ्या तळावर तो तयार होऊच शकत नाही! म्हणजे तो तयार झाला तेव्हा समुद्र तिथे उथळ होता. किनारा तिथे जवळच कुठेतरी होता. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरातली समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, तिचा बहुतेक भाग तेव्हा कोरडा होता. मग बर्फ वितळलं, पाणी चढत गेलं, किनारा मागे सरकत गेला. या बाहेरच्या पट्ट्यातल्या अशा दाण्यांची किरणोत्सारी कार्बनने काढलेली वयं दहा हजार वर्षांच्या अलीकडे-पलीकडे येतात. माझ्या तळहातावर एक बुडालेला किनारा होता! मी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. खोली ८० मीटर, रंग पांढुरका. एवढंच लिहिलं होतं.

आणि आतल्या पट्ट्यातला तो साधा चिखल? तोही गप्प नाही. चिकणमातीची खनिजं क्ष-किरणांनी तपासली की ती कुठल्या खडकातून आली ते कळतं. दख्खनच्या बेसाल्टची झीज झाली की स्मेक्टाइट होतं, दक्षिणेकडच्या नाइस आणि जांभ्यातून केओलिनाइट. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीचं मुख्य खनिज हेच स्मेक्टाइट, पाणी पिऊन फुगणारं, उन्हाळ्यात भेगाळणारं. अकोल्याची मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी खंभातच्या आखाताशेजारी समुद्रात. नर्मदा आणि तापी यांनीच तर उत्तरेकडच्या या पट्ट्यात प्रचंड गाळ आणून ओतलाय. मुंबईसमोरचा एक नमुना ओला केला, बोटांत चोळला, आणि तो स्पर्श मला लहानपणापासून पाठ असलेला होता. आमच्या शेताची माती तिथपर्यंत जात असेल, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या उपसागराचे नमुने उघडले तर ते काळेभोर. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं साधं चुंबक वरून फिरवलं आणि दाणे उड्या मारत येऊन चिकटले! ते मॅग्नेटाइट, पुन्हा बेसाल्टमधलंच. उरलेल्या काळ्या दाण्यांत इल्मेनाइट, टायटॅनियमचं खनिज. आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांच्या नावाच्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ आहेत, तिथला तळ पुन्हा निराळा. एकाच राज्यासमोर इतके तळ!

आता तर जहाजाखालून ध्वनीचे शेकडो झोत एकदम सोडून तळाचा सलग नकाशा काढता येतो. परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा जोरही मोजतात: चिखल आवाज शोषतो, खडक आणि खडे तो जोरात परतवतात. मग माती कशाला गोळा करायची, असं मीही विचारलं. उत्तर असं की शिंपले मिसळलेला चिखल आणि वाळू यांचा प्रतिध्वनी सारखा येऊ शकतो. नकाशावर गडद-फिकट पट्टे उमटतात, पण त्यातला कुठला पट्टा कशाचा, हे तिथली मूठभर माती हातात आल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. आणि जुनी माती तर दुसऱ्यांदा मिळतच नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली, १९७६ मध्ये 'गवेषणी' आणि १९८३ मध्ये 'सागरकन्या' ही संशोधन जहाजं आली. तेव्हा काढलेला नमुना हा तेव्हाचा तळ आहे. मधल्या काळात बंदरं वाढली, गाळ उपसला गेला, नद्यांवर धरणं झाली. आज त्याच जागी पंजा टाकला तर आजचाच तळ वर येईल.

म्हणून भूशास्त्राच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांना, बंदरांत आणि पुलांच्या कामांवर असणाऱ्या अभियंत्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या विभागाच्या माळ्यावर, एखाद्या बंद कपाटात, वाळलेल्या मातीच्या जुन्या पिशव्या पडल्या असतील. जागा हवी म्हणून त्या बाहेर काढण्याआधी चिठ्ठ्या वाचा, त्यांचे फोटो काढा, आणि अक्षांश, रेखांश, खोली व तारीख यांतलं जे काही सापडेल ते वहीत उतरवून घ्या. मग जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा समुद्रविज्ञान संस्थेला एक फोन करा.