शब्द कापा, अर्थ नको

नातीकडून पायथन शिकतो आहे. गुणांच्या यादीतून ३५ किंवा अधिक गुण वेगळे काढायचे, तर सी भाषेच्या वळणाने रिकामी यादी, मोजणी, अट, मग एकेक भर, अशा चार-पाच ओळी होतात. पायथनमध्ये २००० सालापासून हे एका ओळीत मावतं. अशा लिखाणाला ती मंडळी ‘पायथॉनिक’ म्हणतात. आपण ‘अस्सल मराठी वळणाचं वाक्य’ म्हणतो ना, तसंच.

पण त्याच ओळीत तीन फेरे आणि दोन अटी कोंबल्या की वाचणारा अडखळतो. सारांशलेखन शिकवताना मी मुलांना हेच सांगत असे: शब्द कापा, अर्थ नको. पाणिनीच्या सूत्रांना पतंजलीसारखा भाष्यकार लाभला. आपल्या ओळीला कोण मिळणार? उद्या ती दुरुस्त करायला बसेल, त्याला ती आपली आपण कळायला हवी.